हंसाचा बांध

आमच्या घरात मोठ्यानं बोलायची सवय कुणालाच लागली नाही, आणि त्याला कारण अप्पांची शिफ्ट. माझे वडील, अप्पा, कतारमधल्या रास लफानच्या गॅस प्लांटवर ऑपरेटर होते. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी, आणि दोन्हींच्या मध्ये जी काही सुट्टी मिळायची त्यात ते झोप भरून काढायचे. कंपनीची बस सकाळी त्यांना दारात उतरवून गेली की ते बूट बाहेर झटकायचे, अंघोळ करायचे, दोन भाकऱ्या खायचे आणि आतल्या खोलीत जाऊन खिडकीवर घोंगडी टाकून झोपायचे. मग दुपारपर्यंत घरात एकच वाक्य चालायचं, 'अप्पा झोपलेत.' आई कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बारीक करायची, त्यामुळे आमच्याकडची डाळ नेहमी थोडी कच्चटच राहिली. टीव्ही आम्ही आवाज बंद करून बघायचो. पडद्यावरची माणसं तोंड हलवायची आणि माझी धाकटी बहीण शिल्पा त्यांचे संवाद मनाने रचून कुजबुजत म्हणायची. नायिका रडायला लागली की शिल्पा तिच्या तोंडी 'आज परत दोडक्याची भाजी केलीय' असलं काहीतरी घालायची आणि आम्ही दोघं उशीत तोंड खुपसून हसायचो. भिंतीतला एसी मात्र कुणाचं ऐकायचा नाही. त्याची घरघर दिवसरात्र चालू असायची. पुढे मी हॉस्टेलला गेलो तेव्हा पहिले काही दिवस मला झोप येईना. ती घरघर नव्हती म्हणून झोप येत नव्हती, हे कळायलाही मला वेळ लागला.

आता मी दोह्याजवळ लुसैलमध्ये उंच इमारतीत राहतो. खाली ट्राम जाते, तिचाही आवाज वर येत नाही. घरात कुणी दिवसाचं झोपत नाही, तरी मी आणि बायको हळूच बोलतो. तिला मीच ती सवय लावली. ऑफिसातून आल्यावर बूट काढायचेही त्राण नसतात तेव्हा अप्पांची फार आठवण होते. वाटतं, हा माणूस इतकी वर्षं नुसता थकलेला होता, आणि आम्ही त्याला रागीट समजत होतो. पण तो रागीटही होता. उगाच वयाबरोबर सगळ्यांना देवमाणूस करून टाकण्यात अर्थ नाही.

आम्ही मूळचे कराडजवळच्या एका खेड्यातले. सुट्टीवरून येताना आईच्या बॅगेत कपड्यांपेक्षा ज्वारीचं पीठ जास्त असायचं. इथल्या उन्हाळ्यात ते कडू होतं, म्हणून ती ते फ्रिजमध्ये ठेवायची आणि फ्रिजमधली फळं बाहेर सडायची. सकाळी भाकरी थापताना तिचा हात हळू पडायचा, पुन्हा तेच कारण. गावाकडे तिच्या थापण्याचा आवाज वेशीपर्यंत जायचा असं ती म्हणायची. खरं-खोटं देव जाणे. मासे आम्हाला इथे येईपर्यंत माहीत नव्हते. इथे आल्यावर हमूर खायला लागलो, पण आई त्याचं कालवण मटणाच्या मसाल्यात करायची आणि शेजारच्या रत्नागिरीच्या चाची ते चाखून कपाळाला हात लावायच्या.

शुक्रवार सुट्टीचा. अप्पांची पाळी नसली तर त्या दिवशी सकाळी आम्ही तळ्यावर जायचो. तळं म्हणजे काही देवाघरचं नव्हे. अल खोरच्या बाहेर कंपनीची वसाहत होती, तिचं सांडपाणी शुद्ध करून झाडांना घालायचे, आणि उरलेलं पाणी कुंपणापलीकडे एका सखल जागेत सोडून द्यायचे. वर्षानुवर्षं ते साचत गेलं. कडेनं पाणकणसं माजली, मासे आले, मग पक्षी आले. चारी बाजूंनी पिवळट वाळवंट आणि मध्ये हे हिरवं डबकं. वास यायचा थोडा, पण आई म्हणायची, 'पाणी हाय न्हवं? मग बास.' आम्ही सतरंजी घालायचो, दशम्या, खर्डा आणि थर्मासमधला चहा काढायचो, आणि अप्पा गाडीला टेकून पाण्याकडे बघत उभे राहायचे. एरवी ज्या माणसाला दोन मिनिटं बसवत नसे, तो तिथं तासन् तास एका जागी असायचा.

अप्पा बघायचे ते हंस. खरेखुरे राजहंस, पांढरेशुभ्र, नारिंगी चोचीचे. ते या देशातले नव्हेत. कुणा श्रीमंताच्या मझऱ्यातून, म्हणजे वाळवंटातल्या शेतावरून, कधीतरी उडून आले असणार. कुणी त्यांना शोधत आलं नाही आणि ते कुणाचे राहिले नाहीत. एक जोडपं होतं. त्यांना आम्ही पाव टाकला तर ते ढुंकून बघायचे नाहीत, जवळ गेलो तर मान ताणून फिस्कारायचे. पुस्तकातला हंस दूध आणि पाणी वेगळं करतो म्हणे. आमच्या तळ्यातल्या हंसाला तेवढी फुरसत नव्हती. त्याचा सगळा दिवस हद्द सांभाळण्यात जायचा.

तळ्याच्या मधोमध एक जुना लोखंडी पाइप अर्धा बुडालेला होता. त्या पाइपाच्या आतलं, पाणकणसांकडचं पाणी नराचं. पलीकडे बदकं, बगळे, पाणकोंबड्या काय वाटेल ते करोत. पण एखादं बदक चुकून पाइप ओलांडून आलं की नर पंख पाठीवर कमानीसारखे उभे करायचा, मान मागे दाबून घ्यायचा आणि दोन्ही पायांनी एकदम पाणी रेटत झटक्याझटक्यानं पुढे यायचा. त्याच्या छातीपुढे पाणी फुटायचं. बहुतेक वेळा एवढं बघूनच समोरचा पळायचा. एकदा पोरांचा फुटबॉल वाहत गेला, तर त्यानं फुटबॉललाही पाइपापार घालवला. अप्पा तेव्हा पोट धरून हसले होते.

"बघा, बांध कोरू देत न्हाई कुणाला," ते म्हणायचे. "पाइपापतुर त्येचा बांध."

बांध हा शब्द अप्पांच्या तोंडी आला की आई विषय बदलायची. गावाकडे अप्पांच्या आणि त्यांच्या थोरल्या भावाच्या वावरामध्ये एक बांध होता. दर नांगरटीला थोरले काका नांगराचं एक तास, म्हणजे एक रेघ, बांधात घालायचे. बांध वीतवीत सरकत राहिला. अप्पा एकदा बोलायला गेले, तर काकांनी त्यांना सगळ्या भावकीसमोर हाताला धरून शेताबाहेर काढलं. त्यानंतर अप्पांनी मुंबईच्या एजंटाचा पत्ता मिळवला. आमचं कतारमध्ये येणं एवढ्यातून झालं.

एका हिवाळ्यात दुसरा एक नर कुठूनसा तळ्यावर आला. तेव्हा फुटबॉलसारखं हसण्यावारी गेलं नाही. दोघांनी माना एकमेकांत गुंतवल्या, पंखांनी एकमेकांना बडवलं, आणि आमच्या नरानं त्याचं डोकं पाण्याखाली दाबून धरलं. शिल्पा रडायला लागली. कसाबसा सुटून तो परका काठावर चढला आणि बराच वेळ तिथंच पडून राहिला. दुपारनंतर उडून गेला. परतताना गाडीत अप्पा म्हणाले, "एका म्यानात दोन तलवारी ऱ्हात न्हाईत," आणि रेडिओ लावला.

मी बारावीत गेलो त्या वर्षी जोडप्याला चार पिल्लं झाली. उन्हानं आणि कोल्ह्यांनी तीन नेली, एक उरलं. राखाडी, कापसाच्या बोळ्याएवढं होतं तेव्हापासून आम्ही त्याला वाढताना बघत होतो. बाप त्याच्यासाठी खालून शेवाळ उपटून वर आणायचा. आईच्या पाठीवर बसून ते सगळ्या तळ्यात फिरायचं. माझी आई माझ्या मार्कांपेक्षा त्याच्या वजनाची चौकशी जास्त करायची.

आखातातल्या मराठी घरांत बारावी झाली की मुलाला 'घरी' पाठवायची रीत होती, अजून आहे. घरी म्हणजे भारतात, कुठल्यातरी इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलवर. ज्या मुलाचं सगळं आयुष्य इथं गेलं, ज्याला गावाकडे दोन आठवड्यांत जुलाब होतात, त्याला सगळे हसत हसत सांगतात, आता तू घरी चाललास. मला जायचं नव्हतं. दोह्यात दोन वर्षांचा एक तंत्रशिक्षणाचा कोर्स होता. तो केला असता तर शिकणारा मुलगा म्हणून मला वडिलांच्या व्हिसावर राहता आलं असतं. शाळेतल्या सरांनी सगळी माहिती काढून दिली होती. लागत होती ती फक्त अप्पांची सही, कारण माझे स्पॉन्सर तेच. आईला मी सोबत होतो. अप्पा रात्रपाळीला गेले की ती माझ्याशीच बोलायची, मीच तिच्याबरोबर बाजारात जायचो, दुकानदाराशी हिंदीत घासाघीस करायचो. ती एकटी पडेल हे मला दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर मलाच भीती वाटत होती. मी अप्पांपुढे कागद ठेवले. त्यांनी ते वाचलेही नाहीत.

"न्हाई," ते म्हणाले. "तू कराडला जायचंस."

"पण का?"

"का म्हंजे? न्हाई म्हटलं न्हवं?"

त्या हिवाळ्यात अप्पांना माझं काहीच चालेनासं झालं. मी त्यांच्या खुर्चीत बसलो की ते येऊन नुसते उभे राहायचे, मी उठेपर्यंत. माझ्या खोलीतला दिवा, माझा ओला टॉवेल, माझं जेवताना वाचणं, सगळ्यावरून बोलणी. एकदा म्हणाले, "हे काय धर्मशाळा हाय?" जानेवारीतच त्यांनी माझं कपाट रिकामं करून शिल्पाला द्यायला सांगितलं. मी जायला अजून पाच महिने होते. माझे कपडे सुटकेसमध्ये आणि सुटकेस हॉलमध्ये, असा मी बोर्डाचा अभ्यास केला. शिल्पाला इतकं वाईट वाटलं की ती त्या कपाटात काही ठेवेचना, त्यावरूनही तिला बोलणी बसली. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, आणि ती विचारायची हिंमत नव्हती. या माणसाला मी नकोसा झालोय का?

आणि त्याच दिवसांत तळ्यावर नरानं पिल्लाच्या मागे लागायला सुरुवात केली.

पहिल्या शुक्रवारी आम्हाला वाटलं खेळतायत. पिल्लू आता बापाएवढं झालं होतं, राखाडीतून पांढरं पीस सगळीकडून वर येत होतं. मादी पाणकणसांत घरटं रचत बसली होती. पिल्लू आपलं सवयीनं तिच्याकडे निघालं, तर नर पंख उभारून आडवा आला. जसा बदकांवर यायचा तसाच, त्याच कमानी, तोच फिस्कार. पिल्लू गोंधळून थांबलं. त्याला वाटलं असावं, हे दुसऱ्या कुणासाठी आहे. मग नरानं त्याची मान धरली.

आई सतरंजीवरून उठून उभी राहिली. "अवो, बाप हाय का कोण हाय त्यो?"

अप्पा गाडीला टेकून होते. "चला," म्हणाले. "ऊन झालं." ऊन झालं नव्हतं.

बोर्डाची परीक्षा तोंडावर आली तेव्हा एका सकाळी मी आणि आई भाजी घेऊन येत होतो. वसाहतीच्या कुंपणापाशी, कंपनीची बस थांबते तिथल्या धुळीत ते पिल्लू बसलेलं दिसलं. पंख लोंबलेले, मानेवरची पिसं उपटलेली, एका जागी रक्त वाळलेलं. बसची वाट बघणारी माणसं त्याच्यापासून लांब उभी होती. कुणीतरी फोन करायला हवा म्हणत होतं, पण कुणाला करायचा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आईनं भाजीच्या पिशव्या माझ्याकडे दिल्या, अंगावरची शाल काढली आणि गावाकडे कोंबडी धरतात तसं त्याला अलगद शालीत गुंडाळलं. ते फिस्कारलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर ठेवायचं कुठं? बाथरूममध्ये टब होता. इतकी वर्षं आम्ही त्यात बादली ठेवून अंघोळ केली होती, टब म्हणून त्याचा पहिला उपयोग त्या हंसानं केला. शिल्पानं कोबीची पानं कातरून पाण्यात टाकली. आई जमिनीवर बसून त्याच्याशी हळू आवाजात बोलत होती, कारण अप्पा झोपले होते.

दुपारी अप्पा डोळे चोळत बाथरूममध्ये गेले आणि तसेच मागे आले.

"न्हाणीत कोण हाय?"

"तळ्यावरचं ल्येकरू हाय," आई म्हणाली. "वाट चुकलंय. बसच्या थांब्यापाशी गावलं. त्येला त्येच्या घरला पोचवून येऊ."

आमच्या गावाकडे चुकलेलं कोकरू दिसलं तर विचारत विचारत मालकाच्या दारात नेऊन बांधायची रीत आहे. तसं केलं नाही तर माणूस माणसांतून उठतो. आईनं इथं वाळवंटातही तीच रीत लावली, आणि मला त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. अप्पा मात्र दारातच उभे राहिले.

"चुकल्यालं न्हाई ते. हाकलल्यालं हाय. परत न्यायचं न्हाई."

"बाप रागावला आसंल. बाप घेतोच की परत."

"न्हाई घेत."

"तुमाला काय म्हाईत?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. मला वाटलं आता ओरडणार. पण ते मटकन स्टुलावर बसले. रात्रपाळीनं डोळ्यांखाली काळं झालं होतं. "बरं," म्हणाले. "चल. डोळ्यानं बघ एकदा."

आम्ही चौघं आणि हंस असे गाडीतून तळ्यावर गेलो. तो मागच्या सीटवर माझ्या मांडीवर होता. इतका जड असेल असं लांबून कधी वाटलं नव्हतं. शालीतून त्याचं हृदय माझ्या हाताला लागत होतं. काठावर मी शाल सोडली. पाणी बघितल्याबरोबर त्याच्या अंगात जीव आला. ते घाईघाईनं उतरलं, मान खालीवर केली, आणि आनंदानं एक बारीक आवाज काढून सरळ घराकडे निघालं. पाइपाच्या पलीकडे.

"बघा, ओळखतंय की!" आई म्हणाली.

नर पाणकणसांतून बाहेर आला. पंख आधीच उभे होते. पिल्लू थांबलंही नाही, ते त्याच्याकडेच चाललं होतं. नरानं येऊन छातीनं धडक दिली, वर चढला, मान चोचीत धरली आणि खाली दाबली. पाणी नुसतं उसळत होतं. मादी घरट्यावर बसून होती, तिनं मान वळवून बघितलंही नाही. "अगं, आई तरी बघ की गं," असं माझी आई काठावरून त्या मादीला म्हणत होती.

अप्पा पाण्यात शिरले. बूट, पँट, सगळ्यासकट. त्या घाण पाण्यात छातीपर्यंत जात त्यांनी दोघांच्या मध्ये हात घातला. नरानं पंखाचा एक तडाखा त्यांच्या डाव्या हातावर दिला, त्याचा आवाज आम्हाला काठावर आला. त्यांनी पिल्लाला उजव्या काखेत घेतलं आणि मागे मागे चालत आले. नर पाइपापर्यंत त्यांच्या मागे आला. पाइपापाशी थांबला, पंख झटकले, आणि मागे फिरून पाणी प्यायला लागला, जसं काही झालंच नाही.

घरी न जाता अप्पांनी गाडी उत्तरेला घातली. डावा हात सुजून मांडीवर पडला होता, उजव्या हातानं चालवत होते. अर्ध्या तासानं खारफुटीच्या खाडीपाशी थांबलो. ओहोटी होती. लांब चिखलात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग उभी होती आणि वारा चांगलाच गार होता. मी पिल्लाला घेऊन पाण्याच्या कडेला बसलो. अप्पा माझ्या शेजारी उकिडवे बसले. असे आम्ही दोघं याआधी कधी शेजारी बसलो होतो ते मला आठवेना.

"सगळा हिवाळा बगतोय मी," ते त्याच्या पाठीवरचं पीस बोटानं सारून म्हणाले. "राखाडी असंस्तवर त्येला पोर म्हणतो त्यो. पांढरं झालं का परकं. मग पोर म्हणून ऱ्हाऊच देत न्हाई."

मग मान न उचलता म्हणाले, "तुला मी नीट सांगायला पायजे हुतं. मला येत न्हाई नीट सांगायला."

"काय सांगायचं होतं?"

"हितं आपलं तळं न्हाई रं. माझं बी न्हाई. कंपनीनं खलास म्हटलं का दुसऱ्या म्हैन्यात बॅगा भरायच्या. तू हितंच शिकलास, हितंच चिकटलास, आन उद्या काढलं, तर जाशील कुठं? मला भावानं काढलं तवा निदान गाव तरी ठावं हुतं. तुला त्ये बी न्हाई. आधी तिकडं पाय रोव. मग ये हवं तर, तुझ्या जिवावर."

"मग इतकं रागावत का होता माझ्यावर?"

त्यांनी सुजलेला हात दुसऱ्या हातात धरला. "न रागावता धाडायचं कसं, त्ये मला म्हाईत न्हाई," म्हणाले. "गोड बोललो असतो तर सही केली असती मी."

मला ते तेव्हा पटलं नाही. आजही पूर्ण पटलंय असं म्हणवत नाही. मी नकोसा नव्हतो एवढं कळलं, आणि त्या कळण्यानं बरं वाटायच्या ऐवजी जाणं जास्त जड झालं. मी पिल्लाला पाण्यावर ठेवलं. ते तिथंच तरंगत राहिलं, कुठं जावं ते त्याला कळत नव्हतं. आई गाडीतून हाक मारत होती, अप्पांच्या हाताला बर्फ लावायला हवा म्हणून. अप्पा उठायला तयार नव्हते. शेवटी त्या पिल्लानं मान पाण्यात घातली, खालून काहीतरी उपटलं आणि गिळलं.

"खातंय," अप्पा म्हणाले. "खातंय म्हंजे जगंल." मग ते उठले.

जूनमध्ये मी गेलो. विमानतळावर अप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, 'यल्ला', म्हणजे चल, म्हणाले आणि पार्किंगचा वेळ संपेल म्हणून निघून गेले. कराडचं हॉस्टेल मी इथं लिहीत बसत नाही, ते सगळ्यांच्या आठवणीत सारखंच असतं. मेसमध्ये भात कधी शिजलेला नसायचा आणि आमटीत डाळ सापडली तर पोरं टाळ्या वाजवायची. दर शुक्रवारी संध्याकाळी रेक्टरच्या ऑफिसातल्या फोनवर घरून फोन यायचा. आधी आई आणि शिल्पा, मग अप्पा. अप्पांना फोनवर काय बोलावं ते सुचायचं नाही. पण एक गोष्ट ते न चुकता सांगायचे.

"आज खाडीवर गेलतो. दिसला. खात हुता."

"चांगला आहे ना?"

"चांगला हाय. तुझं काय? जेवण?"

"चांगलं असतं, अप्पा. मेस चांगली आहे."

"बरं," म्हणून ते फोन आईकडे द्यायचे.

चार वर्षं हेच. फोन ठेवल्यावर मला पुढच्या शुक्रवारपर्यंत पुरेल एवढं काहीतरी मिळाल्यासारखं वाटायचं. तो हाकललेला हंस तिकडे जगतोय, म्हणजे आपलंही होईल. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दोनदा हट्टानं खाडीवर गेलो. दिसला नाही. अप्पा म्हणाले, उन्हात त्यो आत खारफुटीत जातो. मला ते खरं वाटलं.

पुढे मी माझ्या जिवावर परत आलो. काही वर्षांनी अप्पा निवृत्त झाले. मी त्यांना म्हटलं, माझ्याकडे राहा, व्हिसाचं मी बघतो. ते हसले, म्हणाले, आता तळं तुझं. गावी गेले, बांधाच्या अलीकडे दोन खोल्या बांधल्या, आणि तिथंच वारले. ते तळं बुजवलंय. तिथं आता गोदामं आहेत.

यंदा माझा मुलगा ईशान बारावी झाला. पुण्याला ॲडमिशन मिळाली. हिवाळ्यात मी एकदा त्याच्या ओल्या टॉवेलवरून इतका ओरडलो की बायको म्हणाली, "तुमचंही सुरू झालं का?" मी तो टॉवेल उचलून वाळत घातला. त्याला निरोप द्यायला आई गावाहून आली होती, तेव्हा ती आणि मी दोघंच एका सकाळी खाडीवर गेलो. आता तिथं लाकडी पायवाट केलीय, लोक होड्या वल्हवतात, फोटो काढतात. आई कठड्याला धरून उभी राहिली.

"हितंच सोडलं हुतं न्हवं?" ती म्हणाली. "लई वाईट वाटलं हुतं. दुसऱ्या शुक्रवारी तू अभ्यासाला घरी ऱ्हायलास, आमी आलो तर न्हवतंच. परत कवा दिसलं बी न्हाई."

मला वाटलं तिची गल्लत होतेय. "असं कसं? अप्पा तर दर शुक्रवारी सांगायचे. चार वर्षं."

"सांगायचे की. गाडी काढून यायचे बी. हितं उभं ऱ्हायचे, बगायचे, आन घरला येऊन तुला फोन लावायचे." तिनं पदरानं चष्मा पुसला. "त्येंनी काय बघितलं आन काय न्हाई, त्येंचं त्येंनाच ठावं."

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

आईनं चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बघितलं.

"तू बी मेसचं जेवाण चांगलं हाय म्हणूनच सांगत हुतास की," ती म्हणाली. "सुट्टीला आलास तवा नुसती हाडं ऱ्हायली हुती तुझी. ह्यांनी इमानतळावरच बघितलं. मला म्हणाले, त्येला इचारू नगंस."

परतताना गाडीत मी रेडिओ लावला. आई खिडकीबाहेर बघत होती.

ईशान गेला त्याला आता तीन महिने होत आले. परवा शुक्रवारी त्याचा फोन आला. मी विचारलं, जेवणाचं काय?

"फूड इज गुड, बाबा," तो म्हणाला. "रिअली गुड."

"बरं," मी म्हटलं, आणि फोन त्याच्या आईकडे दिला.